थँक्सगिव्हिंग: यजमानीण पहिल्या पंगतीला

पिंपळपान, न्यू जर्सी

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण २७ नोव्हेंबरला आहे. दिवाळीचा फराळ संपला, मंडळाचे कार्यक्रम उरकले, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'यंदा कुणाकडे?' सुरू झालंय. म्हणून हा धागा. हा गुरुवार दमछाक न होता आपल्या माणसांत कसा घालवता, ते लिहा. आधी माझं मत मांडते.

आपल्या घरांत या दिवसाचा ताण टर्कीमुळे येतो असं मला वाटत नाही. तो येतो आपल्या पाहुणचाराच्या सवयीतून. पाहुण्याने कशाला हात लावायचा नाही, 'राहू दे गं, तू बस' म्हणायचं, पानात काही कमी पडू द्यायचं नाही. आई-आजी शेवटच्या पंगतीला बसायच्या, तोवर वरण गार झालेलं असायचं. तिथे निदान हाताखाली चार जावा-नणंदा असायच्या, भांड्यांना बाई यायची. इथे चौदा माणसं, एक ओव्हन, चार बर्नर आणि एकटी बाई. मंडळी जेवून मॅच बघायला बसतात आणि ती ओट्याशीच उभी असते.

बरं, हा सण केवढा मोकळा आहे बघा! पूजा नाही, मुहूर्त नाही, सोवळं नाही, अहेर नाही, कुणाला काय भेट द्यायची याचा विचार नाही. एकत्र बसून जेवायचं, एवढंच त्यात करायचं असतं. आणि तेवढंच घरातल्या एका माणसाच्या वाट्याला येत नाही, हे मला फार लागतं.

म्हणून आमच्याकडे काही वर्षांपासून एकच नियम आहे. यजमानीण पहिल्या पंगतीला, सगळ्यांबरोबर बसणार. बाकीचं सगळं या नियमामागून येतं. बसल्यावर उठून करावं लागेल असं काहीही बेतात नाही. गरम पुऱ्या नाहीत, फुलके नाहीत, भजी नाहीत. मसालेभात ओव्हनमध्ये झाकून गरम राहतो. अळूवडीचे उंडे बुधवारी उकडून ठेवायचे, गुरुवारी दुपारी कापून तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये खरपूस करायचे. कोशिंबीर गारच असते. श्रीखंडाचा चक्का मंगळवारी टांगायचा. टर्की किंवा कोंबडी, जे काही असेल ते, गुरुवारी ओव्हनमध्ये जाणारा एकमेव मोठा पदार्थ. तो बाहेर आला की बाकीच्यांना ओव्हन मोकळा.

दुसरं म्हणजे 'काही आणू का?' असं कुणी विचारलं की 'काही नको' म्हणायचं नाही. नेमकं सांगायचं. 'बारा जणांना पुरेल एवढी बटाट्याची भाजी, घरून गरम करून, वाढायच्या डावासकट.' डाव हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण जेवायच्या वेळी ड्रॉवरमधून सहा डाव शोधायचे म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच कळतं. स्वयंपाक न येणाऱ्या मुलांना बर्फ, ज्यूस आणि उरलेलं भरून न्यायला रिकामे डबे आणायला सांगते. कामाशिवाय बसवलेला पाहुणा अवघडतो. हातात मटार सोलायला दिला की पाचव्या मिनिटाला तो घरचा होऊन बोलायला लागतो.

जेवण दुपारी तीनला. लांबून येणाऱ्यांना बुधवारी संध्याकाळी निघू नका असं आवर्जून सांगते. त्या दिवशी टर्नपाइक महामार्गावर काय होतं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुवारी सकाळी रस्ते बरेच मोकळे मिळतात.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. चौकशा. 'ग्रीन कार्डाचं कुठवर आलं?', 'अजून मेजर ठरलं नाही?', 'यंदा लग्नाचं बघणार ना?' कुणाची नोकरी नुकतीच गेलेली असते, एच-वन-बी व्हिसावाल्याच्या डोक्यावर नवी नोकरी शोधायचे ६० दिवस टांगलेले असतात. तो हसून उत्तर देतो, पण त्या घासाची चव जाते. आमच्याकडे येणाऱ्यांना मी आधीच फोनवर सांगते की हे विषय ज्याचे त्याने काढले तरच निघतील. आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही. उलट दोघा-तिघांनी नंतर हळूच 'बरं झालं' म्हणून सांगितलं.

मिशिगनकर

छान धागा. नियम आवडला. टर्कीचं खातं माझ्याकडे असतं, तेवढ्यापुरतं लिहितो.

टर्कीने येणारा ताण नव्वद टक्के बर्फाचा असतो. गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. बारा पौंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोची असेल तर तीन दिवस. रविवारी फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात, खोलगट ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे बुधवारी हाताशी एक दिवस शिल्लक राहतो. सिंकमध्ये धुऊ नका. आपल्याला कोंबडी धुवायची सवय असते, पण कच्च्या मांसाच्या पाण्याचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि जंतू तसेही शिजतानाच मरतात.

वेळेवर भरवसा ठेवू नका, थर्मामीटरवर ठेवा. मांडीचा आतला भाग आणि छातीचा सर्वांत जाड भाग, हाडाला न टेकवता, १६५ अंश फॅरनहाइट. झालं की बाहेर काढून वीस मिनिटं तरी तशीच राहू द्या. या वीस मिनिटांत पिंपळपान यांच्या अळूवड्या होतात.

चार-सहा माणसांना अख्खी टर्की आणूच नका. नुसती छाती मिळते, तीही हाडासकट. किंवा दोन कोंबड्या. अख्खीच हवी असेल तर खाटकाकडून पाठीचा कणा काढून ती सपाट करून घ्या. दीड-पावणेदोन तासांत होते आणि छाती कोरडी पडत नाही. मी तिला आदल्या रात्री मीठ लावतो, सकाळी आलं-लसूण, काळी मिरी आणि लोण्यात कालवलेला गोडा मसाला कातडीखाली भरतो. गोडा मसाला कातडीवर लावला तर करपतो, म्हणून आतच.

अंगणात तेलात अख्खी टर्की तळायचा बेत कुणी करत असेल, तर कृपया दोनदा विचार करा. आत थोडा जरी बर्फ राहिला तरी उकळतं तेल उसळून बाहेर येतं. अमेरिकेत स्वयंपाकामुळे घरात लागणाऱ्या आगी वर्षभरात सर्वांत जास्त याच दिवशी लागतात.

आणि हो, आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, डेट्रॉइट लायन्स, १९३४ पासून थँक्सगिव्हिंगला खेळतो. आमच्याकडे सामन्याची वेळ बघून जेवणाची वेळ ठरते. मध्यंतरात भांडी घासायची, ही आमची पुरुषमंडळींची पाळी. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, आता कुणी विचारतसुद्धा नाही.

अन्नपूर्णेची लेक

मी थोडं वेगळं मत मांडते. मला चौदा पदार्थ करायला मनापासून आवडतं. वर्षभर ऑफिसात स्क्रीनसमोर बसते. या चार दिवसांत पीठ मळणं, पुरण वाटणं हीच माझी सुट्टी असते. पुरणपोळी तव्यावरून थेट पानात पडली आणि खाणाऱ्याने डोळे मिटले, की मला जे सुख मिळतं ते पहिल्या पंगतीला बसून मिळणार नाही. 'बिचारी दमली' असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. ज्याला ओझं वाटतं त्याने जरूर कमी करावं, पण करणाऱ्या प्रत्येकीला ओझं होत असेल असं धरून चालू नका.

पिंपळपान

अन्नपूर्णेची लेक, तुमचं पटलं. तुम्ही उभं राहणं स्वतः निवडता आहात, आणि खाणारे तव्याभोवती तुमच्याशी बोलत उभे असतील तर ती पंगतच झाली. मला म्हणायचंय ते निवड नसलेल्यांबद्दल. ज्यांना बसावंसं वाटतं, पण 'लोक काय म्हणतील' म्हणून बसता येत नाही. अशा बऱ्याच जणी मी पाहते आहे आणि त्यांच्यासाठी मी हट्टाने बोलत राहीन.

शनिवार पेठ

मी पुण्यात असते. मुलगा तिकडे आहे, तो दर वर्षी या दिवशी मित्रांकडे जेवल्याचे फोटो पाठवतो. नक्की कशाचा सण आहे हा? सुगीचा म्हणावं तर नोव्हेंबर अखेरीस तिकडे शेतात काय उरतं?

सागरगोटा, मॅसॅच्युसेट्स

शनिवार पेठ, मूळ सुगीचाच. १६२१ च्या शरदात इथल्या प्लिमथमध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांनी पहिलं पीक हाती आल्यावर मेजवानी केली. एडवर्ड विन्सलो या वसाहतकऱ्याच्या पत्रात तिचं वर्णन आहे. इथल्या मूलनिवासी वॉम्पनोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली आणि तीन दिवस खाणंपिणं चाललं. टर्की होती का, हे त्या पत्रावरून ठरवता येत नाही. रानपक्षी होते एवढंच त्यात आहे.

आजची राष्ट्रीय सुट्टी मात्र यादवी युद्धातली. सेरा जोसेफा हेल या संपादिकेने कितीतरी वर्षं पत्रं लिहून पाठपुरावा केला आणि १८६३ मध्ये लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. १९३९ मध्ये रूझवेल्टने नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून तो आठवडाभर अलीकडे आणला. काही राज्यांनी मानलं, काहींनी नाही, दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाले. शेवटी १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला.

हे सांगताना दुसरी बाजू सांगणं मला गरजेचं वाटतं. त्या मेजवानीच्या आधीच्या काही वर्षांत युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी वॉम्पनोआगांची गावंच्या गावं ओस पडली होती. आणि पुढे १६७५-७६ मध्ये मॅसासॉइटचाच मुलगा मेटाकॉम वसाहतकऱ्यांविरुद्ध लढला, मारला गेला, त्याची माणसं गुलाम म्हणून विकली गेली. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या कोल्स हिलवर मूलनिवासी आणि त्यांचे मित्र शोकदिन पाळायला जमतात. माझ्या मुलीला शाळेत कागदाची पिसं चिकटवायला दिली होती, तेव्हा आम्ही तिला हे तिच्या वयाला झेपेल तसं सांगितलं. आम्ही जेवतो, मित्र बोलावतो, आणि त्या टेबलावर हेही बोलतो. त्याने दिवसाचा आनंद कमी होतो असा आमचा अनुभव नाही.

शनिवार पेठ

मनापासून आभार. मुलाला आज फोन करते तेव्हा विचारते, त्याला यातलं काय ठाऊक आहे ते.

नातवंडांची आजी, मुक्काम डॅलस

मी सहा महिन्यांसाठी लेकाकडे आले आहे. पिंपळपान, तुमचं मटार सोलण्याचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. मुलं प्रेमाने म्हणतात, 'आई, तू आराम कर.' पण दिवसभर सोफ्यावर आराम करून माणूस सुकतो गं. इथे मला गाडी येत नाही, शेजारीपाजारी बोलायला कुणी नाही. मोठ्या समारंभात आम्हा आईवडिलांना एका खोलीत टीव्हीसमोर बसवतात आणि जेवायला आधी वाढतात. मान म्हणूनच वाढतात, कळतं मला. पण मला नातवंडांच्या मांडीला मांडी लावून जेवायचं असतं.

यंदा एक अडचण आहे. २६ तारखेला चंपाषष्ठी, आणि २७ चा गुरुवार म्हणजे मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. माझा महालक्ष्मीचा घट असतो, उपास असतो, त्या दिवशी घरात सामिष नको वाटतं. सुनेने टर्की आणून ठेवली आहे. तिचा हिरमोड व्हायला नको आणि माझं व्रतही मोडायला नको. काय करावं?

मिशिगनकर

आजी, नमस्कार. सोपं आहे. टर्की शुक्रवारी करायला सांगा. शुक्रवारी बऱ्याच जणांना सुट्टीच असते आणि दुकानांच्या गर्दीत जाण्यापेक्षा ते कधीही बरं. टर्कीला मीठ लावून एक दिवस जास्त ठेवलं तर ती उलट चांगलीच लागते.

रानजाई, ऑस्टिन

आजी, आमच्याकडेही यंदा हाच प्रश्न होता. सासूबाईंनीच तोडगा काढला. गुरुवारी सकाळी घट बसवायचा, दिवसभराचा उपास, आणि संध्याकाळी आरती झाल्यावर सगळ्यांनी मिळून त्यांचा उपास सोडायचा. बेत शाकाहारी, पण रंगरूप इथलं. रताळ्याचे काप तुपात, लाल भोपळ्याचे घारगे, हिरव्या शेंगांची भाजी, आणि क्रॅनबेरीचा मेथांबा. माझे अमेरिकन शेजारी येणार आहेत. घटाची फळं-पानं मांडायला त्यांच्या मुली मदत करणार म्हणून आत्ताच हरखल्यात. टर्की शनिवारी.

मेथांब्याची कृती आधीच देते, कुणीतरी विचारणारच. एक बारा औंसांची क्रॅनबेरीची पिशवी. तेलात मोहरी, हिंग, हळद, चमचाभर मेथीदाणे लाल होईपर्यंत. त्यावर क्रॅनबेरी घालून झाकण ठेवा, फळं फुटल्याचे आवाज येतात. मग तिखट, मीठ आणि वाटीभराहून थोडा जास्त गूळ. कैरीपेक्षा ही फळं आंबट असतात आणि थोडी कडसरही, म्हणून गुळात हात आखडू नका. गार झाल्यावर आपोआप घट्ट होतो, म्हणून थोडा पातळ असतानाच उतरवा. फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात राहतो, त्यामुळे रविवारीच करून टाका.

नातवंडांची आजी, मुक्काम डॅलस

आत्ताच सुनेशी बोलले. ती म्हणाली, 'आई, मला आधी का नाही सांगितलंत?' गुरुवारी घट, शुक्रवारी टर्की असं ठरलं. घारगे मी करणार आहे! पण इथे डब्यातला भोपळा मिळतो म्हणे, तो चालतो का?

रानजाई, ऑस्टिन

अगदी चालतो, आजी. फक्त डब्यावर नुसता भोपळ्याचा गर असल्याचं बघून घ्या. शेजारीच पायचं सारण असतं, त्यात आधीच साखर आणि दालचिनी-लवंग घातलेली असते, ते नको. डब्यातला गर ताज्या किसापेक्षा ओलसर असतो. तो गुळाबरोबर कढईत चांगला आटवून, पूर्ण गार करून मगच कणकेत घाला. थोडा रवा किंवा तांदळाची पिठी घातली की खुसखुशीत होतात. बुधवारी तळून ठेवले तरी गुरुवारी छान लागतात.

रात्रपाळी, ह्यूस्टन

मी नर्स आहे. यंदा गुरुवारी माझी पाळी आहे, नवरा दुसऱ्या हॉस्पिटलात. आमच्यासारख्यांसाठी एक सांगावंसं वाटतं, तारखेला फार धरून बसू नका. आम्ही शनिवारी करतो. विमानं स्वस्त नसली तरी रस्ते मोकळे असतात, दुकानात सगळं मिळतं, आणि बोलावलेले सगळे येऊ शकतात, कारण गुरुवारचं त्यांचं कुठेतरी झालेलं असतं. गुरुवारी वॉर्डात सगळे एकेक डबा आणतात. मागे एका पेशंटचं कुणीच आलं नव्हतं, त्याला जेवण पथ्याचंच होतं, पण त्याच्या खोलीत आम्ही दोघी आळीपाळीने पाच-पाच मिनिटं बसलो. त्याने आम्हाला त्याच्या आईच्या कॉर्नब्रेडची सगळी कृती सांगितली.

तुमच्या ओळखीत कुणी त्या दिवशी कामावर असेल तर त्यांच्यासाठी एक पान बाजूला काढून ठेवा. घरी परतल्यावर ते झाकलेलं ताट बघून काय वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

ओवी, इंडियाना

मी इथे पहिल्याच वर्षी एमएसला आले आहे. बुधवारपासून कॅम्पस रिकामा होतो, मेस बंद, बसही कमी. रूममेट घरी जाणार. सगळे विचारतात 'थँक्सगिव्हिंगला कुठे?' आणि मला काय उत्तर द्यावं कळत नाही. आम्ही चार मराठी मुलं आणि एक नायजेरियन मैत्रीण असे उरणार आहोत. काहीतरी करायचं आहे, पण ओव्हन कुणी वापरलेला नाही आणि पैसे बेताचे आहेत.

पिंपळपान

ओवी, तू कुठे आहेस ते मला निरोपात कळव. तिथून गाडीच्या अंतरावर आमचे मित्र आहेत, ते दर वर्षी विद्यार्थ्यांना बोलावतात आणि मनापासून बोलावतात. 'नको, त्यांना त्रास' असं मनात आणू नकोस. तुम्हालाही काम देतील ते!

आणि पाच जणांनी खोलीवरच करायचं ठरवलंत तरी फार छान होईल. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात एकदा चौकशी कर, बऱ्याच ठिकाणी स्थानिक कुटुंबं या दिवशी परदेशी विद्यार्थ्यांना जेवायला नेतात. मैत्रिणीला तिचा जोलोफ भात करायला सांग, तुम्ही वरण आणि बटाट्याची भाजी करा.

टोरांटोकर

आमचं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी होऊन गेलं. त्याचा फायदा एवढाच की कधी कधी पाठोपाठच दिवाळी येते. 'काही आणू का' ला नेमकं उत्तर द्यायचा उपाय आम्हीही दिवाळीत वापरून बघितला होता. चकल्या एकीकडून, चिवडा दुसरीकडून. उत्तम झालं.

ओवी, इंडियाना

पिंपळपान काकू, निरोप पाठवला आहे. खूप खूप आभार. गुरुवारी तुमच्या मित्रांकडे आणि शनिवारी आमच्या खोलीवर असं ठरवतोय. शनिवारी कोंबडी करून बघायची आहे. दुकानात गोठलेलीच स्वस्त आहे. मिशिगनकर काका, पाच पौंडांची आहे, तिलाही तीन दिवस लागतील का? आणि थर्मामीटर घ्यायलाच हवा?

मिशिगनकर

पाच पौंडांना फ्रिजमध्ये एक ते दीड दिवस. गुरुवारी रात्री जेवून परत आलात की फ्रीझरमधून खाली काढा. विसरलात तर शनिवारी सकाळी पिशवीसकट गार पाण्यात बुडवून ठेवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला, अडीच तासांत सुटेल. गरम पाणी अजिबात वापरू नका, आणि पाण्यात सुटलेली लगेच शिजवा. थर्मामीटर नक्की घ्या. साधा दहा-पंधरा डॉलरला मिळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. कोंबडीलाही १६५ च. ४२५ अंश फॅरनहाइटवर सव्वा तास धरून चाला, तासाभराने बघायला सुरुवात करा. खाली ट्रेमध्ये बटाटे-गाजर-कांद्याच्या मोठ्या फोडी पसरा, भाजी वेगळी करावी लागणार नाही. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. हाडं टाकू नका, त्यांचा रस्सा करा. काही अडलं तर शनिवारी इथेच लिहा, मी दुपारी घरीच आहे.